एक रुपयाचे तिकीट आणि मुक्कामी गाडी

कुरुंद्यासारख्या गावात राहणाऱ्या माणसाने विमान कंपन्यांच्या इतिहासावर बोलावे, याचे कुणालाही नवल वाटेल. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातले हे आमचे गाव. टोकाईच्या नावाचा साखर कारखाना, हळदीची शेते आणि वसमतला जाणारी एसटी, एवढीच त्याची ओळख. पण इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर या विषयावर आमचा थोडा हक्क पोहोचतो. स्वातंत्र्याच्या वेळी कुरुंदा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होते आणि त्या राज्याची स्वतःची विमान कंपनी होती. तिचे नाव डेक्कन एअरवेज. १९४५ मध्ये ती स्थापन झाली. त्यात मोठा वाटा हैदराबाद सरकारचा आणि उरलेला टाटांचा. १९४६ पासून बेगमपेठच्या धावपट्टीवरून तिची डाकोटा विमाने मद्रास, बंगळूर, दिल्लीकडे उडू लागली.

निजामाच्या राज्यात सरकारी बसगाड्या १९३२ पासून धावत होत्या. रेल्वे सरकारच्या हातात, बस सरकारच्या हातात आणि शेवटी विमानही. एवढी व्यवस्था असलेल्या राज्यात आमच्या भागातल्या शेतकऱ्याला मात्र पावसाळ्यात तालुक्याला जायचे तर चिखल तुडवावा लागे. विमान होते, पण ते कुणासाठी होते, हा प्रश्न त्या काळात कुणी विचारला नाही. स्वस्त विमान प्रवासाचा सगळा इतिहास म्हणजे हा प्रश्न विचारला जाण्याचा इतिहास आहे, असे मला वाटते.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकी लष्कराची शेकडो डाकोटा विमाने भारतात पडून होती. ती जवळजवळ भंगाराच्या भावात विकायला निघाली. ज्याच्याकडे थोडे भांडवल त्याने विमान घ्यावे आणि कंपनी काढावी, अशी हवा निर्माण झाली. विमाने स्वस्त, परवाने भरपूर आणि तिकीट परवडणारे प्रवासी मात्र मूठभर. व्हायचे तेच झाले. एकामागून एक कंपन्या तोट्यात गेल्या. सरकारने १९५० मध्ये चौकशी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष यांच्याकडे दिले. एका मराठी न्यायाधीशाने लिहून घेतलेले ते निदान आजही वाचण्यासारखे आहे: प्रवाशांच्या मानाने कंपन्या फार झाल्या आहेत, त्यांनी एकत्र यावे. त्या आपणहून एकत्र आल्या नाहीत. अखेर १९५३ मध्ये कायदा झाला आणि आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स उभी राहिली. त्या आठांत आमची डेक्कन एअरवेजही होती. जे. आर. डी. टाटांना हे राष्ट्रीयीकरण रुचले नव्हते, हे सर्वांना ठाऊक आहे.

या काळातली एक गोष्ट मात्र मला फार महत्त्वाची वाटते, कारण पुढे ज्याला आपण स्वस्त विमान म्हणू लागलो त्याचे बीज तिच्यात आहे. ती घडली नागपूरला. जानेवारी १९४९ मध्ये रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघे. मध्यरात्रीनंतर चारही विमाने नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरत. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई, प्रवासीही एका विमानातून दुसऱ्यात जात आणि उजाडेपर्यंत सगळी विमाने परतीच्या ठिकाणी पोहोचत. मुंबईत संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी मद्रासला मिळे. टपालाबरोबर जाणाऱ्या प्रवाशाला दिवसापेक्षा कमी भाडे पडे. झोपमोड सोसायची, मध्यरात्री नागपूरच्या थंडीत विमान बदलायचे आणि त्या बदल्यात चार पैसे वाचवायचे, असा हा सौदा होता. डेक्कन एअरवेजनेही काही काळ ही सेवा चालवली. १९७३ पर्यंत ती टिकली.

यातले तत्त्व साधे आहे. दिवसा उडणारे विमान रात्री उभे असते. उभ्या विमानाचे व्याज, विमा, घसारा काही थांबत नाही. मग ते रात्रीही का उडवू नये? आपल्याकडे गाडीवाला म्हणतो, चाक फिरले तर पैसा. जगातल्या सगळ्या स्वस्त विमान कंपन्यांनी याहून वेगळे काही शोधून काढलेले नाही.

अमेरिकेत टेक्सास राज्यात १९७१ मध्ये साउथवेस्ट नावाची कंपनी सुरू झाली. पैशाची चणचण इतकी की पुढच्याच वर्षी चारपैकी एक विमान विकावे लागले. पण चार विमानांचे वेळापत्रक तीन विमानांवर चालवायचे तर काय करायचे? त्यांनी उतरलेले विमान दहा मिनिटांत पुन्हा उडवायला सुरुवात केली. जेवणाचे ट्रॉलीकाम नाही, जागा ठरवून देणे नाही, सगळी विमाने एकाच जातीची, म्हणजे वैमानिक कुठलेही विमान चालवू शकतो आणि सुट्या भागांचे एकच कोठार पुरते. ही युक्ती अडचणीतून निघाली होती. पुढे युरोपात रायनएअरने तिला कडक रूप दिले आणि मलेशियात टोनी फर्नांडिस यांनी २००१ मध्ये बुडालेली एअर एशिया अवघ्या एका रिंगिटला घेऊन तिला आशियाई रूप दिले.

हिशेब समजण्यापुरते एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका उड्डाणाचा सगळा खर्च नऊ लाख रुपये आहे असे धरा. विमानात दीडशे खुर्च्या असतील तर प्रत्येक खुर्चीच्या वाट्याला सहा हजार येतात. उंची वर्ग काढून टाकला, खुर्च्या जवळजवळ बसवल्या आणि त्याच विमानात एकशे ऐंशी माणसे बसवली तर वाट्याला पाच हजार येतात. एअरबस ए-३२० विमानात स्वस्त कंपन्या खरोखरच एकशे ऐंशी खुर्च्या बसवतात. आता प्रत्येक मुक्कामावर एक तासाऐवजी अर्धा तास थांबलो, तर चार मुक्कामांत दोन तास वाचले, म्हणजे दिवसाकाठी आणखी एक फेरी झाली. जेवण विकत दिले, तिकिटाचा एजंट काढून टाकला, छापील तिकीट बंद केले. यातली एकेक बचत चिल्लर वाटते, पण रोज, प्रत्येक खुर्चीवर ती होत राहिली की भाडे खाली येते.

दुसरा भाग भाड्याच्या चढउताराचा. आमच्याकडची काळी-पिवळी जीप भरल्याशिवाय हलत नाही. भाडे ठरलेले, सुटण्याची वेळ मात्र अनिश्चित. स्वस्त विमान याच्या नेमके उलट वागते. वेळ ठरलेली, भाडे अनिश्चित. दोन महिने आधी घेणाऱ्याला तिकीट स्वस्त, आदल्या दिवशी धावत येणाऱ्याला महाग. रिकाम्या खुर्चीने उडण्यापेक्षा ती कवडीमोलाने विकलेली बरी, आणि ज्याला जाणे भागच आहे त्याच्याकडून जास्त घेतलेले बरे. एखाद्या घरात अचानक मयत झाली, तर या पद्धतीचा चटका कसा बसतो ते घाईघाईत तिकीट काढणाऱ्याला कळते.

आपल्या देशात हे सगळे यायला २००३ उजाडले. त्याआधी खासगी कंपन्या आल्या नव्हत्या असे नाही. १९९० नंतर दारे किलकिली झाली, १९५३ चा कायदा १९९४ मध्ये रद्द झाला. ईस्ट वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, जेट, सहारा ही नावे अनेकांना आठवत असतील. यातल्या पुष्कळ कंपन्या मुंबईच्या होत्या आणि बहुतेकींचा डोळा साहेबलोकांवर होता. गरम जेवण, गोड हसू आणि वरचे भाडे. लहान गावांसाठी सरकारने त्याआधीच, १९८१ मध्ये, वायुदूत नावाची कंपनी काढली होती. लहान विमाने, लहान धावपट्ट्या, मोठा तोटा. १९९३ मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विरघळली.

कॅप्टन गोपीनाथ हे मूळचे कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातल्या गोरूर गावचे. सैन्यात होते, १९७१ चे युद्ध पाहिले, नोकरी सोडून शेती केली, रेशमाचे किडे पाळले. शेतीतल्या प्रयोगांसाठी त्यांना १९९६ मध्ये रोलेक्स पुरस्कार मिळाला. पुढे हेलिकॉप्टर भाड्याने देण्याचा धंदा काढला आणि ऑगस्ट २००३ मध्ये एअर डेक्कन सुरू केली. पहिला मार्ग बंगळूर ते हुबळी. विमान एटीआर-४२, पंख्याचे, अठ्ठेचाळीस खुर्च्यांचे. दिल्ली-मुंबई सोडून एखादी कंपनी हुबळीपासून सुरुवात करते, यातच त्या माणसाचा रोख दिसतो. विमानांवर चित्र होते आर. के. लक्ष्मण यांच्या ‘सामान्य माणसा’चे. धोतर, चौकड्यांचा कोट, हातात काही नाही, चेहऱ्यावर नेहमीचे आश्चर्य. व्यंगचित्रात अर्धे शतक जो केवळ पाहत उभा होता, तो विमानावर चढला.

सुरुवात मात्र अपशकुनाने झाली. हैदराबाद–विजयवाडा मार्गाच्या उद्घाटनाच्या उड्डाणात इंजिनाला आग लागली. विमानात व्यंकय्या नायडूंसह बडी मंडळी होती. सगळे सुखरूप उतरले, पण दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत जे छापून यायचे ते आलेच. तरीही कंपनी टिकली, कारण भाडे. प्रचलित भाड्याच्या निम्म्याच्या आसपास तिकीट, पाचशे रुपयांची तिकिटे आणि २००५ मध्ये तर एक रुपयाचे तिकीट. कर आणि विमानतळाचे आकार वेगळे असत, आणि एक रुपयाच्या खुर्च्या थोड्याच असत. पण आकडा लोकांच्या तोंडी बसला. हिंदुस्तान पेट्रोलियमच्या पंपांवर तिकिटे मिळू लागली. इंटरनेट आणि क्रेडिट कार्ड नसलेल्या माणसाला रोख पैसे देऊन तिकीट घेता यावे, ही कल्पना मला त्या एक रुपयाहून मोठी वाटते.

पंख्याची लहान विमाने निवडण्यातही हिशेब होता. ऐंशीपेक्षा कमी खुर्च्यांच्या विमानांना विमानतळावर उतरण्याचा आकार माफ आहे. विमानाच्या इंधनावर राज्यांचा विक्रीकर जबर असतो, तोही लहान विमानांसाठी २००७ पासून चार टक्क्यांवर आला. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या इंधनावर बरीच वर्षे २५ टक्के कर होता. २०२३ मध्ये तो १८ टक्के झाला. तिकिटाच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा इंधनाचा असतो, हे लक्षात घेतले की गावाचे विमान कधी बंद पडेल हे मंत्रालयातल्या एका कागदावरही कसे अवलंबून असते ते कळते.

एअर डेक्कनच्या मागोमाग बाकीचे आले. मे २००५ मध्ये स्पाइसजेट आली, पहिले ९९ दिवस ९९ रुपयांचे तिकीट अशी जाहिरात करीत. नोव्हेंबर २००५ मध्ये वाडियांची गोएअर मुंबईहून सुरू झाली. ऑगस्ट २००६ मध्ये इंडिगो आली. तिने एकही विमान उडवण्याआधी, जून २००५ मध्ये, पॅरिसच्या प्रदर्शनात शंभर एअरबस विमानांची मागणी नोंदवून टाकली होती. घाऊक घेणाऱ्याला भाव कमी पडतो, हे आपल्या मोंढ्यातल्या कुठल्याही व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. इंडिगोने विमाने घेतली, ती भाड्याने देणाऱ्या कंपन्यांना विकली आणि त्यांच्याकडूनच वापरायला घेतली. त्यातून रोकड हाती राहिली. एकच जात, नवीन विमाने, वक्तशीरपणा. तिच्यात एअर डेक्कनची धडाडी नव्हती. पण हिशेबाची वही पक्की होती.

एअर डेक्कनची वही तितकी पक्की नव्हती. तीन-चार वर्षांत साठहून अधिक शहरांत पोहोचलेली ती कंपनी दोन जातींची विमाने, उशिरा सुटणारी उड्डाणे आणि वाढता तोटा घेऊन धावत होती. २००६ मध्ये तिने शेअर बाजारातून पैसा उभारला, तो पुरला नाही. २००७ मध्ये विजय मल्ल्यांच्या समूहाने २६ टक्के हिस्सा ५५० कोटी रुपयांना घेतला. ज्या किंगफिशरशी तिची स्पर्धा होती तिच्याच घरात ती सून म्हणून गेली. आधी नाव बदलले, मग रंग बदलला, २००८ मध्ये ती ‘किंगफिशर रेड’ झाली. सामान्य माणूस पुसला गेला आणि पक्षी आला. २०११ मध्ये स्वस्त सेवा बंद करण्याचे जाहीर झाले आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरच जमिनीवर आली.

याच दरम्यान आमच्या भागाला प्रथमच विमानाची चाहूल लागली. नांदेडची धावपट्टी १९५८ सालची, सार्वजनिक बांधकाम खात्याने बांधलेली. वर्षानुवर्षे तिच्यावर मंत्र्यांची विमाने सोडून फारसे काही उतरत नसे. २००८ मध्ये गुरू ग्रंथसाहिबांच्या गुरुगद्दीची त्रिशताब्दी होती. देशभरातून शीख भाविक येणार म्हणून विमानतळ वाढवला, सजवला. त्या वर्षी किंगफिशरची मुंबई–नांदेड सेवा सुरू झाली. २००९ मध्ये नांदेड, लातूर, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), यवतमाळ आणि बारामती असे पाच विमानतळ एका खासगी कंपनीला ९५ वर्षांच्या कराराने दिले गेले. करार मोठा, विमाने थोडी. किंगफिशर गेली आणि नांदेडचे आकाश पुन्हा मोकळे झाले.

इथे मला मुक्कामी गाडीची आठवण करून द्यावीशी वाटते. ज्यांचे बालपण खेड्यात गेले त्यांना ती माहीत आहे. संध्याकाळी तालुक्याहून निघालेली एसटी रात्री शेवटच्या गावात मुक्काम करते, चालक-वाहक देवळात किंवा शाळेच्या ओसरीत झोपतात आणि पहाटे तीच गाडी शाळेची मुले, दूधवाले, दवाखान्यात जाणारे म्हातारे घेऊन निघते. विमान कंपनीच्या हिशेबाने पाहिले तर मुक्कामी गाडी हा शुद्ध वेडेपणा आहे. रात्रभर चाक फिरत नाही, भरणा अर्धामुर्धा. पण एसटी ती चालवते, कारण मोठ्या मार्गावरची कमाई लहान मार्गाला पोसते आणि जिथे पुरत नाही तिथे सरकारने भरावे, असे गृहीत धरलेले आहे. ते सरकार नेहमी वेळेवर भरते का, हा वेगळा विषय. असो.

विमानाच्या बाबतीत असे काही करण्याचा प्रयत्न १९९४ मध्ये झाला. मोठ्या मार्गांवर उडणाऱ्या कंपनीने त्याच्या ठरावीक प्रमाणात ईशान्य भारत, काश्मीर, बेटे इथेही उडले पाहिजे, असा नियम निघाला. त्या भागांसाठी तो योग्यच होता. उरलेल्या सगळ्या देशाचा एक तिसरा वर्ग केला गेला. पण त्या वर्गात मोठ्या शहरांच्या जोड्याही येत. त्या दोन शहरांत उडून नियम पाळता येत असेल तर नांदेड-लातूरला कोण येणार?

दुसरा प्रयत्न ‘उडान’ योजनेचा. पद्धत अशी: लहान विमानतळाचा मार्ग लिलावात काढायचा, जी कंपनी कमीत कमी अनुदान मागेल तिला तीन वर्षे तो मार्ग एकटीला द्यायचा. तासाभराच्या प्रवासाला निम्म्या खुर्च्यांचे भाडे २५०० रुपयांच्या मर्यादेत ठेवायचे. अनुदानाचा पैसा मोठ्या मार्गांवरच्या प्रत्येक उड्डाणावर आकार बसवून गोळा करायचा. म्हणजे कल्पना मुक्कामी गाडीचीच. २७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधान मोदींनी सिमल्याहून योजनेची पहिली उड्डाणे सोडली, त्यांत हैदराबाद–नांदेड हा मार्ग होता. ट्रूजेटची ती सेवा. ज्या हैदराबादशी आमचा चार पिढ्यांचा संबंध, कोर्टकचेरीपासून दवाखान्यापर्यंत, तिथे नांदेडहून तासाभरात पोहोचता येऊ लागले. डेक्कन एअरवेजच्या राजधानीत आमच्या भागातून सामान्य माणूस विमानाने जायला सत्तर वर्षे लागली. त्याच वर्षी डिसेंबरात एअर इंडियाची अमृतसर–नांदेड सेवाही आली. ती भाविकांनी भरून जाई.

आणि त्याच डिसेंबरात आणखी एक जुने नाव परतले. गोपीनाथांनी एअर डेक्कन पुन्हा उभी केली आणि उडान योजनेखाली जळगाव आणि नाशिकहून मुंबईला अठरा-एकोणीस खुर्च्यांची विमाने सोडली. डेक्कन नावाची ही तिसरी खेप. पहिली सरकारने गिळली, दुसरी प्रतिस्पर्ध्याने घेतली, तिसरी एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत थांबली. ट्रूजेटही २०२२ च्या सुरुवातीला बंद पडली आणि हैदराबादला जाणाऱ्या आमच्या माणसांनी पुन्हा रेल्वेची वाट धरली.

हे दैव एकट्या नांदेडचे नव्हते. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल २०२३ मध्ये संसदेत मांडला गेला. त्यातले आकडे बोलके आहेत. योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग वाटले गेले. त्यांतले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यांतल्या केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली. मुदतीनंतर, म्हणजे अनुदान संपल्यावर, मार्च २०२३ पर्यंत तग धरून होते फक्त ५४. शंभरातले सात. अनुदान तीन वर्षांचे, आणि प्रवाशांची सवय लागायला त्याहून जास्त काळ लागतो. मुक्कामी गाडी तीन वर्षांनी नफ्यात आली नाही म्हणून कायमची बंद केली असती, तर मराठवाड्यातल्या किती मुलींचे शिक्षण दहावीच्या आत थांबले असते, याचा विचार करा.

मोठ्या मार्गांवर चित्र निराळे आहे. २००३ च्या सुमारास देशांतर्गत विमान प्रवाशांची संख्या वर्षाला दीड कोटीच्या आसपास होती. २०२४ मध्ये ती १६ कोटी १३ लाख झाली. यात एकच माणूस अनेकदा मोजला जातो हे खरे, तरी वाढ दहापटीची आहे आणि तिचे श्रेय स्वस्त कंपन्यांना दिलेच पाहिजे. आमच्या तालुक्यातली पोरे पुण्या-बंगळुरात नोकरी करतात, आईवडिलांना एकदा दिल्ली दाखवायला विमानाने नेतात, आणि वसमतच्या मोंढ्यात हळदीच्या भावाच्या गप्पांत विमानाच्या भाड्याच्याही गप्पा होतात. वीस वर्षांपूर्वी असे कुणी बोलले असते तर लोक हसले असते.

पण जिंकणारे फार थोडे उरले. जेट एप्रिल २०१९ मध्ये थांबली. गोएअर ‘गो फर्स्ट’ होऊन मे २०२३ मध्ये थांबली. तिची निम्मी विमाने इंजिनांअभावी उभी होती, आणि उभ्या विमानाचे काय होते ते वर सांगितलेच आहे. अशा एकेका पडझडीनंतर रिकाम्या झालेल्या जागा इंडिगोने भरल्या. आज देशातल्या शंभर प्रवाशांपैकी साठहून अधिक तिच्या विमानात असतात. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू होताना तिचे वेळापत्रक कोसळले, एकेका दिवसात हजाराच्या घरात उड्डाणे रद्द झाली, लोक सामानावर डोके ठेवून विमानतळावर झोपले आणि इतर कंपन्यांची भाडी अशी भडकली की सरकारला कमाल भाडे ठरवून द्यावे लागले. राजाध्यक्ष समितीला कंपन्या फार झाल्याची काळजी होती. आता काळजी उलट दिशेची आहे.

या सगळ्या कहाणीवर २०२० मध्ये तमिळमध्ये आणि २०२४ मध्ये हिंदीत चित्रपट निघाला. हिंदीतला नायक म्हात्रे आडनावाचा मराठी माणूस केला आहे. गोरूरचे गोपीनाथ साताऱ्याकडचे झाले. चित्रपट आहे, चालायचेच. मला त्यात उणीव दिसली ती एवढीच की कहाणी विमान उडण्यापाशी थांबते. गावाच्या दृष्टीने खरी कहाणी ते विमान चौथ्या वर्षी येते की नाही, इथून सुरू होते.

नांदेडला विमान पुन्हा आले ते मार्च २०२४ च्या अखेरीस. स्टार एअरची सत्तरीतल्या खुर्च्यांची जेट विमाने बंगळूर, हैदराबाद आणि दिल्लीजवळच्या हिंडनकडे उडू लागली. मराठवाड्याची जुनी मागणी मात्र मुंबईची आहे आणि तिथे अडचण पैशापेक्षा वेळेची होती. मुंबईच्या जुन्या विमानतळावर उतरण्याच्या वेळा इतक्या मोजक्या की एकशे ऐंशी खुर्च्यांच्या विमानाची वेळ सत्तर खुर्च्यांच्या विमानाला द्यायला कुणी राजी नसे. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमाने उडू लागली. तिथल्या नव्या वेळांपैकी काही लहान गावांसाठी राखून ठेवायच्या, की त्याही सगळ्या मोठ्या विमानांना विकायच्या, हे आता ठरते आहे. आमच्या खासदार-आमदारांनी स्वागत कमानींपेक्षा या वेळापत्रकाच्या कागदावर लक्ष ठेवावे. विमानतळाच्या नव्या इमारतीचे फोटो छापून येतात, वेळापत्रकाचे येत नाहीत.